हायब्रीडचं सूत

आमच्या जालन्यात हायब्रीड हा शब्द इंग्रजी आहे असं कुणी सांगितलं, तर लोक सांगणाऱ्याकडेच जरा वाकड्या नजरेनं बघतील. हायब्रीड म्हणजे ज्वारी. बुटक्या ताटाची, भरगच्च कणसाची, खरिपात येणारी. पुढे 'ज्वारी' म्हणायचीसुद्धा गरज नसते. "दोन एकर हायब्रीड केली", "पावसानं हायब्रीड काळी पडली" ही आमच्या कानावरची शुद्ध मराठी वाक्यं आहेत. मग हा शब्द कणसातून सुटला आणि माणसांना चिकटला. जिना चढून धापा टाकणाऱ्या नातवाकडे बघून म्हातारी माणसं एकमेकांना म्हणतात, "हायब्रीड खाऊन वाढलेली पिढी, असंच व्हायचं." त्या नातवानं आयुष्यात ज्वारी तोंडात घातलेली नसते, तो मैद्यावर पोसलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे मुंबईहून भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, "मामा, पीएचडीचा विषय ठरला. हायब्रीड नॅनोफायबर," तेव्हा मी विचारलं, "कोणत्या कंपनीचं?"

ती हसली. पण जालन्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. त्याआधी 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यात त्यांनी हात घातला होता. भेंडीपासून सुरू झालेला हा माणूस १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कारापर्यंत पोचला आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. त्याच १९६४ साली 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या हायब्रीडची आजी. आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. ही तिसरी घटना कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाही, पण आमच्या आजीनं तिन्ही एकत्र जोडल्या होत्या. मी लहानपणी सारखा आजारी पडायचो, त्याचं कारण तिच्या मते हेच होतं.

भाचीचं हायब्रीड वेगळं निघालं. एक पॉलिमर घ्यायचा, म्हणजे लांबलचक साखळीचा रासायनिक पदार्थ. एक वनस्पतीतलं प्रथिन घ्यायचं, तिच्या बाबतीत सोयाबीनचं. दोन्हींचं मिळून द्रावण करायचं, ते इंजेक्शनच्या सुईतून ढकलायचं आणि सुईला विजेचा मोठा दाब द्यायचा. समोरच्या धातूकडे झेप घेता घेता थेंबाचा धागा होतो. याला म्हणतात इलेक्ट्रोस्पिनिंग. मी त्याला वीजकताई म्हणतो. भाचीला हा शब्द पसंत नाही. गांधी जयंतीच्या कार्यक्रमात गेल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.

धागा किती बारीक? माणसाचा केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड धरतात. तिचा धागा दोनशेच्या आसपास. म्हणजे एका केसाचे साडेतीनशे भाग केले तर त्यातला एक. केस दुभंगणं एवढंच मला ठाऊक होतं, तेही बायकोच्या तेलाच्या जाहिरातीतून.

जालन्याला पदार्थ ओढून बारीक करणं नवीन नाही म्हणा. औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलच्या दारात उभं राहिलं की लालभडक पोलादाचा ओंडका रुळांमधून जात जात लांब आणि बारीक होताना दिसतो, पलीकडून सळई होऊन बाहेर पडतो. अर्ध्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये आमच्या सळया आहेत. बारा मिलिमीटरची सळई आणि भाचीचा धागा यांच्यात साठ हजार पटींचा फरक आहे, एवढंच. आणि गावाच्या नावाची गोष्ट धरली तर सूत आमच्या जन्मापासूनचं. आख्यायिका अशी की एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून गावाला हे नाव पडलं आणि तो व्यापारी मूळचा जुलाहा, म्हणजे विणकर. जुलाह्याचं जालना. खरंखोटं तो जुलाहा जाणे. पण मी ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामा, प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकते." सुतावरून स्वर्ग गाठायची सवय आमच्या घराण्यात आहे.

आता ही पोर मुंबईला कशाला गेली, असंही कुणी विचारेल. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्याजवळ शिरसवाडीला आहे. ती संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक वस्त्ररसायनाचाच होता. म्हणजे सूत चालत चालत आमच्या दारापर्यंत आलं आणि आमची पोर त्याच वेळी दाराबाहेर पडली. तिची मुंबईतली प्रयोगशाळा कुठली ते मी लिहीत नाही. पुढे काही फजितीच्या गोष्टी यायच्या आहेत.

त्या प्रयोगशाळेत मी एकदा गेलो. जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून आमच्या अंबडच्या शेतातलं दोन किलो सोयाबीन पिशवीत घातलं. भाचीच्या मैत्रिणींना मी चिवडा आणला असेल असं वाटलं होतं. सोयाबीन बघून त्यांचे चेहरे पडले आणि भाचीचा कानापर्यंत लाल झाला. तिथं प्रथिन बाटलीत येतं, पांढऱ्या भुकटीच्या रूपात, ग्रॅमवर मोजून. त्या बाटलीची किंमत मी विचारली आणि मनातल्या मनात २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव आठवला: क्विंटलला ४,८९२ रुपये. तोही बाजार समितीत हातात पडला तर. मी बाटली जपून खाली ठेवली.

पण पोर गुणाची. मामाचा मान म्हणून तिनं आमच्या सोयाबीनचंही प्रथिन काढायचं ठरवलं. दाणे दळले. पिठातलं तेल एका द्रावकानं काढून टाकलं. उरलं ते पाण्यात कालवून त्यात किंचित क्षार घातला, तशी प्रथिनं पाण्यात उतरली आणि चोथा खाली बसला. मग वरच्या पाण्यात थेंब थेंब आम्ल सोडत आंबटपणा साडेचारच्या आकड्यावर आणला आणि एकदम सगळं फाटलं! पांढुरक्या गुठळ्या खाली बसू लागल्या.

"हे तर दूध नासवणं झालं," मी म्हणालो.

"तेच आहे मामा," ती म्हणाली. "फक्त इथं नासलं की आम्ही खूश होतो."

मग तिनं यंत्र दाखवलं. काचेची पेटी. आत इंजेक्शनची सिरिंज आडवी ठेवलेली आणि तिला मागून हळूहळू ढकलणारा पंप. किती हळू? तासाला अर्धा मिलिलिटर. दवाखान्यातलं सलाइन याच्यापुढे धबधबा. समोर वीतभर अंतरावर एक फिरता पिंप, त्याला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला, आपण डब्यात पोळ्या गुंडाळतो तोच. आणि सुईला जोडलेली वायर. भाचीनं आकडा सांगितला, वीस हजार व्होल्ट. माझ्या शेतावरून जी लाइन जाते ती अकरा हजारांची. तिच्या खाली उभं राहून कडब्याची गंजीसुद्धा रचायची नाही असं आम्ही पोरांना बजावतो. इथं जवळजवळ दुप्पट दाब एका सुईत आणि पेटीच्या बाहेर ओढणी सावरत माझी भाची. "करंट अगदी नगण्य असतो," ती म्हणाली. मी तरी दोन पावलं मागे सरलो. शेतकऱ्याला वायरमनच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय नसते.

तिनं बटण दाबलं. सुईच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, नळाला लोंबतो तसा, गोल आणि आळशी. दाब वाढला तसा तो ताठ झाला. त्याला नाक आलं. मग नाक लांबलं, अणकुचीदार झालं, थेंबाचा शंकू झाला आणि त्या शंकूच्या टोकातून काहीतरी निघालं. काय ते मला दिसलंच नाही. भाचीनं बाजूनं टॉर्च मारला, तेव्हा टोकापासून बोटाच्या पेराएवढी एक सरळ चकाकती रेघ दिसली आणि तिच्यापुढे नुसतं धुकं, उलट्या गाळणीच्या आकाराचं. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की इथं धाग्याला शेकडो फाटे फुटतात. वेगवान कॅमेरे आले तेव्हा कळलं, धागा एकच आहे. अंगावरचा विद्युतभार त्याला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून तो चाबकासारखा गरगर फिरतो आणि फिरता फिरता ताणून बारीक होतो. एकच माणूस घरभर फिरून दहा माणसं असल्याचा भास करतो तसं. आमच्याकडे लग्नघरात असा एक काका असतोच.

त्या शंकूला टेलरचा शंकू म्हणतात. केंब्रिजचे सर जेफ्री टेलर यांनी विजेच्या क्षेत्रात पाण्याचा थेंब कसा फुटतो यावर निबंध लिहिला तो १९६४ साली! तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पारावर बसून हायब्रीड पिढीला नावं ठेवत असतो. टेलरांनी गणित करून दाखवलं की हा शंकू अक्षाशी ४९.३ अंशांचा कोन करतो. दोन्ही बाजूंचा मिळून होतो ९८.६. हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. तापमापीवर जिथं पारा थांबला की आई म्हणायची, "काही ताप नाही, जा शाळेत," तोच. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं भाचीनं मला दोनदा सांगितलं. मला तो योगायोग अजून आवडतो.

अर्ध्या तासानं कागदावर पांढरट साय धरली. बोटानं स्पर्श केला तर काहीच हाताला लागलं नाही. हिवाळ्यात सकाळी तुरीच्या शेंड्यावर कोळ्यानं विणलेलं असतं, तेवढंच.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. पण ते पॉलिमर आणि प्रथिन मिसळून केलेलं होतं. नुसत्या सोयाबीनच्या प्रथिनाचा धागा काढायचा भाचीनं सहा महिने प्रयत्न केला होता आणि त्या सहा महिन्यांत घरी फोन कमी केले होते. सूक्ष्मदर्शकातले फोटो तिनं मला दाखवले. धागा कुठंच नाही. नुसते शिंतोडे, भिंतीवर चुना उडाल्यासारखे. थोडी सुधारणा झाली तेव्हा धागा आला, पण त्याला जागोजाग फुगवटे.

"माळेतल्या मण्यांसारखं दिसतं," मी कौतुकानं म्हणालो.

"मणीच म्हणतात त्याला. मणी आले म्हणजे सॅम्पल फेकायचं," ती म्हणाली.

एकाच माळेचे मणी ही शिवी आहे हे मला माहीत होतं. विज्ञानातही आहे हे तेव्हा कळलं.

कारण ऐकलं आणि मी तिथंच खुर्चीवर बसलो. धागा व्हायचा तर द्रावणातल्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असाव्या लागतात. एकीला ओढलं की दुसरी आली पाहिजे, दुसरीबरोबर तिसरी. पॉलिमरच्या साखळ्या लांब आणि सैल असतात, त्या गुंततात. सोयाबीनचं प्रथिन मात्र गोळा होऊन बसलेलं, स्वतःतच गुंडाळलेलं. दाण्याच्या आत कमी जागेत साठवण करायची म्हणून निसर्गानं त्याला तसंच घडवलेलं आहे. असे गोळे एकमेकांना घासून निघून जातात, हात कुणी कुणाला देत नाही. विजेनं ओढलं की तुटून थेंब उडतात.

"मग तू काय करतेस?"

"आधी तापवते. क्षार घालून गरम केलं की घड्या उलगडतात. आणि मग थोडा पॉलिमर घालते, तो सगळ्यांना धरून ठेवतो."

हे मी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, बघितलेलं होतं, १९७२ साली, चुलीजवळ.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर आई-वडील खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा आणि कधी हायब्रीड. त्या पिठाला विरी नसायची. हा शब्द आता शहरात कुणी वापरत नाही. भाकरी थापताना पीठ एकमेकाला धरून राहतं तो गुण म्हणजे विरी. जुन्या पिठाची विरी जाते, पावसात सापडून काळ्या पडलेल्या दाण्याला ती नसतेच. असल्या पिठाची भाकरी परातीत थापताना कडेनं भेगाळते आणि उचलताना दोन तुकडे होतात. मग आजी काय करायची? पिठात मध्ये आळं करून त्यात कढत पाणी ओतायची, चटका बसेल असं. झाकून ठेवायची. आणि कुठून तरी मूठभर उडदाचं पीठ आणून त्यात मिसळायची. ते पीठ ती कुठं लपवून ठेवायची, हे आम्हा सहा नातवंडांना शेवटपर्यंत सापडलं नाही. नंतर भाकरी गोल व्हायची, तव्यावर टम्म फुगायची आणि आजी स्वतःशीच पुटपुटायची, "आता जमलं सूत."

पिठात स्टार्च आणि तिच्या द्रावणात प्रथिन, आत चालणारी क्रिया वेगळी, हे भाचीनं मला समजावलं, मी ते मान्यही केलं. तरी ज्याला स्वतःला धरून राहता येत नाही त्याला आधी कढत पाण्यानं सैल करायचं आणि मग एक चिकट सोबती द्यायचा, ही कृती दोघींची एकच. आजीचं प्रमाण मूठभर. भाचीचं प्रमाण दशांश चिन्हानंतर दोन आकडे. पण तेही तिनं सत्तर-तीस, साठ-चाळीस, पन्नास-पन्नास असं करत करत शोधलं. आजीनंही तसंच शोधलं असणार. तिचे फसलेले प्रयोग आम्ही खाल्ले.

तो चिकट सोबती म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. हे नाव आमच्या घरात फोनच्या स्पीकरवर उच्चारलं गेलं आणि स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "काय म्हणाली ती? कसलं अल्कोहोल?" नावात आहे, पिण्यात नाही, हे समजवायला मला दहा मिनिटं लागली. पाण्यात विरघळतो, पातळ पापुद्रा धरतो, डोळे कोरडे पडणाऱ्यांच्या औषधी थेंबांतसुद्धा घालतात. सूतगिरण्या त्याचा खळ म्हणूनही उपयोग करतात. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर सूत तुटतं. पूर्वी ती पिठाची करत. म्हणजे जालन्याला नाव देणाऱ्या त्या जुलाह्यानं भाचीची सुई बघितली असती तर डोकं खाजवलं असतं, पण शेजारचं चिकट पाणी बघून म्हणाला असता, खळ आहे की ही!

झाडाच्या प्रथिनाचं कापड करायची हौस काही आजची नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९४१ साली सोयाबीनच्या धाग्याचं मिश्रण असलेला सूट घालून लोकांना दाखवला. मोटारी विकणाऱ्या माणसानं सोयाबीन अंगावर घालून मिरवावं, यावरून त्या पिकाची तेव्हाची ऐट लक्षात येते. इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीनं भुईमुगाच्या पेंडीतल्या प्रथिनापासून 'आर्डिल' नावाचा लोकरीसारखा धागा काढला, पन्नाशीच्या दशकात स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसच्या कारखान्यात तो निघत होता. हे धागे पाण्यात भिजले की कमजोर पडत आणि तेवढ्यात नायलॉन, पॉलिएस्टर आले. भुईमुगाचा सदरा इतिहासजमा झाला. मला त्याचं वाईट वाटतं. पाहुणा घरी आल्यावर "सदरा कशाचा?" "शेंगदाण्याचा," असं बोलणं व्हायला हवं होतं.

विजेनं धागा काढायची कल्पना तर त्याहून जुनी. घासलेला अंबर थेंबाजवळ नेला की थेंबाला टोक येतं, हे विल्यम गिल्बर्टनं १६०० च्या सुमाराला नोंदवलं. १८८७ साली चार्ल्स बॉईज या इंग्रजानं लाख, मेण असले चिकट पदार्थ विजेनं ओढून त्यांचे तंतू केले. या बॉईजवर माझा विशेष लोभ आहे. त्याला गारगोटीचा अतिबारीक धागा हवा होता, तर त्यानं वितळलेली गारगोटी बाणाला चिकटवली आणि बाण सोडला! धागा मागे लोंबत गेला. संशोधनासाठी पैसे मागायला गेल्यावर यादीत 'धनुष्य, एक नग' असं त्यानं कसं लिहिलं असेल? पुढे पेटंटं निघाली, १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात या तंतूंच्या गाळण्या विषारी वायूच्या मुखवट्यांत बसल्या. मग सगळं बराच काळ थंड पडलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत ॲक्रन विद्यापीठातल्या डॅरेल रेनेकर यांनी त्याला पुन्हा जाग आणली. आता जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या पेट्यांतून तो पांढरा धूर निघत असतो. जखमेवरच्या पट्ट्या, हवा गाळणारे पडदे, खाद्यपदार्थांची वेष्टणं, कशाकशासाठी. बियाण्यावर या तंतूंचं पांघरूण घालून त्यातून हळूहळू औषध सोडायचेही प्रयोग झालेत. हे ऐकून मी जालनेकर म्हणून खुर्चीत सरळ बसलो. शेवटी बियाण्यावरच आलात ना?

आता फजिती. जूनपासून भाचीचं आणि माझं बिनसलं, पावसावरून. माझं म्हणणं, पाऊस पडू दे. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असा कृषी खात्याचा सल्ला असतो आणि मी आकाशाकडे डोळे लावून बसलेलो. तिचं म्हणणं, पाऊस नको. हवेत दमटपणा वाढला की धागा वाटेत वाळतच नाही, ओला पोचतो, एकमेकाला चिकटतो आणि कागदावर सायीच्या जागी नुसता डाग पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर तिचं यंत्र जवळजवळ बसूनच. दमटपणा शोषणारं यंत्र मागवलं, ते आलं तेव्हा नेमकं नादुरुस्त निघालं. सकाळी आम्ही दोघंही मोबाइलवर हवामान खात्याचा नकाशा बघायचो आणि एकमेकांना फोन करायचो. ढग दिसला की एकाचा आवाज खुलायचा, दुसऱ्याचा पडायचा.

"मग उन्हाळ्यात जालन्याला येऊन काम कर," मी म्हणालो. "मे महिन्यात बेचाळीस डिग्री. दमटपणा औषधालाही नाही."

"तेव्हा सुईच्या टोकावरच वाळतं मामा. खपली धरते."

म्हणजे हिला ना ओला दुष्काळ चालतो ना कोरडा. मी म्हणालो, पोरी, तू शेतकरीच झालीस, फक्त तुला पीकविमा नाही.

यातलं काहीही ज्याला करावं लागत नाही, असा एक कारागीर आमच्याच जिल्ह्यात आहे. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ उघडली. त्याआधी इथल्या शेतकऱ्याला कोषांच्या गोण्या घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. माझ्या मास्तरकीच्या काळातल्या एका विद्यार्थ्याच्या शेडवर मी भाचीला घेऊन गेलो. दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. शेडमध्ये शिरलं की आधी आवाज येतो, बारीक सरीचा पाऊस पडल्यासारखा. हजारो अळ्या तुतीचा पाला खात असतात, त्याचा. खाऊन तट्ट झालेल्या अळ्या चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या जाळ्यांवर, चढवलेल्या होत्या. एक अळी डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात हलवत होती, संथपणे, म्हातारी जपमाळ ओढते तसं, आणि तोंडातून धागा निघत होता. दोनतीन दिवस ती तेच करत राहते. एका कोषात हजार मीटरच्या आसपास सलग धागा भरतो. आत फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे दोन पदर, वरून सेरिसिन नावाच्या प्रथिनाची खळ. म्हणजे हेही मिश्रणच. कोष उकलायचा तर कढत पाण्यात टाकतात, की सेरिसिन सैल पडतं आणि धाग्याचं टोक सुटतं. पुन्हा कढत पाणी!

भाची त्या अळीसमोर कितीतरी वेळ उकिडवी बसली होती. "वीज नाही," ती म्हणाली. "द्रावक नाही. दमटपणाचं टेन्शन नाही." मग जरा थांबून, "आणि गाइडसुद्धा नाही."

पाल्यातलं प्रथिन पोटात घेऊन त्याचा धागा करायचा, ही तिची पीएचडी ती अळी अठ्ठावीस-तीस दिवसांच्या आयुष्यात उरकत होती. विद्यार्थी शेजारी उभा होता. त्याला वाटलं मॅडमना शेड फार आवडली. त्यानं चहा सांगितला.

त्या खेपेला भाचीनं मला एक भेट दिली. चार तास यंत्र चालवून तिनं एक सलग चादर काढली होती, पन्नास-पन्नासची, निम्मं पॉलिमर आणि निम्मं आमच्या अंबडच्या शेतातल्या सोयाबीनचं प्रथिन. किंचित पिवळसर. तिचा चौथा हिस्सा, तळहाताएवढा, तिनं मला दिला. मी हिशोब केला. तासाला अर्धा मिलिलिटर, त्यात दहा टक्के माल, चार तास, म्हणजे सगळी चादर पाव ग्रॅमसुद्धा नाही. पण दोनशे नॅनोमीटरचा धागा धरला तर एका ग्रॅमची लांबी साडेचोवीस हजार किलोमीटर भरते. माझ्या वाट्याच्या तळहातभर तुकड्यात बाराशे किलोमीटर धागा होता. जालना-मुंबई, मुंबई-जालना आणि पुन्हा जालना-मुंबई. हा कागदावरचा हिशोब, पण मास्तरकी केलेल्या माणसाला कागदावरचा हिशोब पुरतो. मी तो तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला हलकेच चिकटवला. सकाळचं ऊन त्यातून येई तेव्हा दुधाच्या सायीसारखा उजळायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अंतर सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि चहाची वाट बघायचे.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. घरात आवराआवर. मी बाहेर पेपर वाचत होतो. बायको भाकऱ्या थापत होती, खरिपाची नवी हायब्रीड दळून आणलेली, विरी कमी, म्हणून परातीशेजारी कढत पाण्याचं भांडं. थापता थापता तिची नजर काचेवर गेली. ओला हात तसाच वर केला आणि एका झटक्यात काच पुसून काढली. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा काच लख्ख होती, पलीकडचा शेवगा स्पष्ट दिसत होता.

"इथलं कुठं गेलं?"

"जळमट होय? काढलं. कधीपासून बघत होते."

मी बाराशे किलोमीटरचा हिशोब तिला पुन्हा सांगितला. ती म्हणाली, एवढं लांब होतं तर जरा घट्ट तरी करायचं. मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. पाण्यात न विरघळावं म्हणून या चादरीच्या साखळ्या आपसात पक्क्या बांधून घ्याव्या लागतात. ते काम व्हायचं राहिलं होतं, हे भाचीनं देतानाच सांगितलं होतं आणि मी अंतराच्या नादात विसरलो होतो.

तिला फोन करायची हिंमत मला संध्याकाळपर्यंत झाली नाही. शेवटी केला. आधी दिवाळीचं बोललो, मग पावसाचं, मग सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं रडते की काय.

"मामा," ती म्हणाली, आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, "मामीला विचारा, हाताला पाणी गार होतं की कढत?"